उलटतपास : नाही

फौजदारी अपिलाचं पेपरबुक, म्हणजे खालच्या कोर्टातल्या कागदांचा बांधलेला गठ्ठा, हातात आला की निकालपत्र मी शेवटी वाचते. आधी साक्षी, आणि साक्षींतही आधी उलटतपास. आरोपीच्या वकिलाने काय विचारलं, काय सोडून दिलं, कुठे नको तो प्रश्न विचारून स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतला, हे कळलं की खटला कसा चालला असेल ते डोळ्यांसमोर येतं. २०२२ च्या पावसाळ्यात विधी सेवा समितीकडून एक जन्मठेपेचं अपील माझ्याकडे आलं. त्यात ही सवय काही कामाला आली नाही, कारण वाचायला उलटतपासच नव्हता. साक्षीदार अकरा. त्यातल्या नऊ जणांच्या जबाबाखाली एकच ओळ टाइप केलेली : 'आरोपीतर्फे उलटतपास : नाही.'

उरलेल्या दोघांना मिळून सात वाक्यं. तपासी अंमलदाराच्या उलटतपासातलं शेवटचं वाक्य, 'मी खोटा तपास करून आरोपीस गुन्ह्यात गुंतवले, हे म्हणणे खरे नाही.' ज्यांनी चार दिवस सेशन्स कोर्टात काढलेत त्यांना हे वाक्य पाठ असतं. पत्राच्या शेवटी 'कळावे, लोभ असावा' लिहितात तसं ते असतं. त्याच्या आधी पत्र मात्र हवं.

खरं सांगायचं तर मी तेव्हाही दचकले नाही. पहिल्याच पानावर 'आरोपी आठ वर्षे अकरा महिने फरार' असं वाचलं आणि फाइल खाली सरकवली. टेबलावर दुसरी तीन अपिलं होती, त्यांतले आरोपी पळालेले नव्हते. पळालेल्या माणसाबद्दल आपल्या सगळ्यांच्याच मनात एक निकाल आधीच लागलेला असतो. वकिलाच्याही. तीन आठवड्यांनी समितीतून 'तयारी झाली का' म्हणून फोन आला तेव्हा ती फाइल पुन्हा वर आली.

हकिगत थोडक्यात अशी. जानेवारी २००९, रात्रीची वेळ, शेताच्या बांधावरून जुनं वैर, एका माणसाच्या मानेवर आणि डोक्यावर कोयत्याचे वार. फिर्याद मयताच्या भावाची, नावं तिघांची. दोघे दुसऱ्याच दिवशी सापडले, तिसरा नाही. त्या दोघांचा खटला २०१० मध्ये चालला आणि २०११ मध्ये दोघेही निर्दोष सुटले, कारण फिर्यादी भाऊ अंधारात काय काय दिसलं ते दर वेळी वेगळं सांगत होता. तिसरा डिसेंबर २०१७ मध्ये एका ऊसतोड टोळीत पकडला गेला. तोच माझा अशील. मधल्या काळात फिर्यादी भाऊ वारला होता.

आता मेलेल्या साक्षीदाराचा जबाब जिवंत कसा झाला? तर जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम २९९. आरोपी फरार असेल आणि तो लवकर सापडायची शक्यता नसेल, तर त्याच्या गैरहजेरीत साक्ष नोंदवून ठेवता येते. पुढे तो सापडला आणि तोवर साक्षीदार मेला असेल, तर ती साक्ष त्याच्याविरुद्ध वाचता येते. पण आरोपी खरोखर फरार आहे आणि लवकर सापडणार नाही, या दोन्ही गोष्टी आधी सिद्ध व्हायला लागतात. सर्वोच्च न्यायालयाने हे २००० मध्ये निर्मलसिंगच्या खटल्यात सांगितलं आणि २००९ मध्ये जयेंद्र ठाकूरच्या खटल्यात पुन्हा बजावलं. इथे २०१० च्या कोर्टाने तशी कसलीच नोंद केलेली नव्हती. हरकत घ्यायला यापेक्षा चांगली जागा मिळत नाही. रेकॉर्डमध्ये काय होतं? निळ्या पेनाने लिहिलेली एका ओळीची पुरसिस, म्हणजे पक्षकाराने कोर्टाला दिलेलं लेखी निवेदन : 'सदर जबाब वाचण्यास आरोपीची हरकत नाही.' खाली वकिलाची सही, तिच्याखाली आरोपीची, शाळेत घोटून काढल्यासारखी, शिरोरेघेसकट.

ज्या साक्षीवर कोर्टाने दोघांच्या बाबतीत विश्वास ठेवला नाही, त्याच साक्षीवर तिसऱ्याला जन्मठेप. आणि या तिसऱ्याच्या वतीने त्या साक्षीदाराला जन्मात कुणी एक प्रश्न विचारलेला नव्हता.

मग मी रोजनाम्याची नक्कल मागवली. रोजनामा कोणी फारसा वाचत नाही. कारकुनी अक्षरात तारीखवार दोन-दोन ओळी, कोण हजर, काय झालं, पुढची तारीख. निकालपत्र न्यायाधीश विचार करून लिहितात, रोजनामा मात्र ज्या त्या दिवशीच लिहिला जातो, म्हणून तो सहसा खोटं बोलत नाही. ११ जून २०१८, सोमवार : 'आरोपीस वकील देण्याची ऐपत नाही. विधी सेवा प्राधिकरणामार्फत वकील नेमले. वकील हजर. दोषारोप वाचून दाखवले. गुन्हा कबूल नाही.' हे सगळं एकाच दिवशी. १३ जून : 'साक्षीदार १ ते ४ तपासले.' १४ जून : 'आरोपीच्या वकिलांचा दोषारोपपत्राच्या नकलेसाठी अर्ज. मंजूर.'

ती १४ तारखेची ओळ मी पेन्सिलीने गोल केली आणि ऑफिसातल्या ज्युनियरला हाक मारली. पोलिसांचे तपासाचे सगळे कागद ज्यात असतात ते दोषारोपपत्र वकिलाने मागितलं होतं चार साक्षीदार होऊन गेल्यावर. निकाल ६ जुलैला. दोषारोपापासून जन्मठेपेपर्यंत पंचवीस दिवस.

अशिलाला भेटायला मध्यवर्ती कारागृहात गेले. पन्नाशीचा दिसत होता, कागदावर वय एक्केचाळीस. मी बोलत राहिले आणि तो माझ्या फाइलच्या दोरीकडे बघत राहिला. 'पळून का गेलात?' विचारलं तर म्हणाला, "गावातनं न्हाई पळालो, म्याडम. फडातनं पळालो."

आधीच्या वकिलाबद्दल तक्रार नव्हती. "चांगले व्हते. येकदा बिस्किटाचा पुडा दिला." भेट किती वेळा झाली? चार वेळा, कोर्टातच, साक्षीदार यायच्या आधी. तुरुंगात एकदाही नाही.

मग त्याचा संहितेच्या कलम ३१३ खालचा जबाब काढला. पुरावा संपला की न्यायाधीश आरोपीला थेट प्रश्न विचारतात, शेवटचा प्रश्न ठरलेला : 'तुम्हाला आणखी काही सांगायचे आहे काय?' बहुतेक जण 'मी निर्दोष आहे' म्हणतात. याचं उत्तर पेपरबुकातल्या इंग्रजी भाषांतरात असं होतं : 'आय अँड माय वाइफ वेअर ऑन वन सिकल.' निकालपत्रात त्यावर एक वाक्य, की आरोपीचं स्पष्टीकरण असंबद्ध आहे.

मी मूळ मराठी काढून पाहिलं. 'मी व माझी पत्नी एका कोयत्यावर होतो.' मी शहरात वाढलेली. ज्या खटल्यात हत्यारच कोयता आहे, त्यात हा माणूस बायकोलाही कोयत्याला हात लावायला सांगतोय की काय, असं मला वाटलं. त्याला विचारलं तर तो नुसता म्हणाला, "तसंच व्हतं. येका कोयत्यावर." यापेक्षा सोपं त्याला करून सांगता येत नव्हतं, कारण त्याच्या दृष्टीने यात अवघड काही नव्हतंच.

बायको पुढच्या आठवड्यात ऑफिसात आली. रात्रभर एसटीने प्रवास करून आलेली, पिशवीत भाकरी आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले कागद. तिला तेच विचारलं. ती आधी माझ्याकडे बघत राहिली, मग हसली, खटल्याच्या कामात तिला हसताना मी तेवढंच पाहिलं.

"कोयता म्हंजी नवरा-बायकू, म्याडम. दोगं मिळून येक कोयता. त्यो तोडतो, मी मोळ्या बांदते. मुकादम उचल कोयत्याला देतो, माणसाला न्हाई."

"आणि एकटा माणूस असेल तर?"

"त्यो आर्दा कोयता."

म्हणजे तो माणूस न्यायाधीशांना सांगत होता की खुनाच्या रात्री मी बायकोबरोबर ऊसतोडीवर होतो, गावापासून तीनशे किलोमीटर लांब. शेवटचं काही सांगायचं आहे का, असं विचारल्यावर त्याने आपला सगळा बचाव सात शब्दांत सांगितला होता. कोर्टात ज्याला तो कळायला हवा होता, त्याने 'म्हणजे काय रे?' एवढं विचारलं असतं तर बास होतं. ही बाई खटल्याच्या प्रत्येक तारखेला बाहेरच्या बाकावर बसून होती. तिला साक्षीदार म्हणून कोणी हाक मारली नाही.

टोळीला आगाऊ पैसे, म्हणजे उचल, देणारा तो मुकादम शोधायला दोन महिने गेले. तो सापडला आणि पहिलं वाक्य बोलला ते असं, की त्या गड्याकडे माझी बाकी आहे. मला आनंदच झाला. बाकी असली की वही असते. आणि वही होती : दोनशे पानी, कडा वाळवीने खाल्लेल्या, आत प्रत्येक कोयत्याला एक ओळ, खेपा, टन, उचल, खाडे. उचल फिटत नाही तोवर वही टाकायची नाही, हा त्याच्या धंद्याचा नियम, म्हणून तेरा वर्षं ती टिकली. खुनाच्या दिवशी आमच्या कोयत्याची ओळ पूर्ण. दुसऱ्या दिवशीही पूर्ण. पाचव्या दिवसापासून त्या ओळीवर 'अर्धा' लिहिलेलं. गावाहून फोन आला होता की फिर्यादीत तुझं नाव आहे. त्या रात्री तो फडातून गेला, बायको राहिली आणि हंगामभर अर्ध्या कोयत्यावर मोळ्या बांधत उचल फेडत राहिली.

याहून मोठी गोष्ट पोलिसांच्याच कागदांत होती. घटनेनंतर दोन दिवसांनी पोलीस त्याच्या घरी गेले, तेव्हाचा पंचनामा. 'घरास कुलूप. शेजाऱ्यांकडे विचारपूस करता सदर इसम दिवाळीपासून कुटुंबासह ऊसतोडीस गेल्याचे समजले.' हा कागद २०१० च्या फाइलमध्ये होता, त्यामुळे २०१८ च्या दोषारोपपत्रातही होता. तपासी अंमलदार साक्षीला उभा होता तेव्हा त्याच्यासमोर हा एक कागद धरून तीन प्रश्न विचारायचे. पण वकिलाला नक्कल मिळाली होती तिला जेमतेम आठवडा झालेला, आणि त्या आठवड्यात रोज साक्षी चालू.

तो रात्री गाडीने येऊन, खून करून, सकाळी परत फडात उभा राहिला असेल का? तीनशे किलोमीटर आहेत, अशक्य नाही. मला आजही छातीठोकपणे सांगता येणार नाही. वहीत खोट्या नोंदीही होतात. हे सगळं सरकारी वकिलांनी मुकादमाला विचारायचं आणि न्यायाधीशांनी ठरवायचं. त्यासाठीच तर खटला असतो.

आता माझ्यापुढचा प्रश्न वेगळाच होता : उच्च न्यायालयात मांडायचं काय? 'माझा अशील निर्दोष आहे' की 'माझ्या अशिलाचा खटलाच झाला नाही'? पहिलं मांडलं तर आहे त्या पुराव्यावर लढायचं, आणि आहे त्या पुराव्यात आमचं काहीच नव्हतं. दुसरं मांडलं तर जिंकूनही सुटका नाही, फेरखटला. मी दोन्ही मांडलं, पण जोर दुसऱ्यावर दिला. सोबत कलम ३९१ खाली अर्ज, वही आणि बायकोचं प्रतिज्ञापत्र अतिरिक्त पुरावा म्हणून घ्या असा.

वकील नालायक होता असं म्हणून अपील जिंकता येत नाही. कोर्टांना ते आवडत नाही आणि त्यामागे कारण आहे. हरलेल्या प्रत्येक पक्षकाराला आपला वकील नालायकच वाटत असतो. अमेरिकेत याची १९८४ पासून दुहेरी कसोटी आहे, स्ट्रिकलंडच्या निकालाने घालून दिलेली : वकिलाचं काम किमान दर्जाच्याही खाली होतं हे दाखवा, आणि ते बरं असतं तर निकाल वेगळा लागण्याची वाजवी शक्यता होती हेही दाखवा. दुसरी पायरी चढताना तिथे बहुतेक जण घसरतात. आपल्याकडे वाट थोडी वेगळी. घटनेच्या एकविसाव्या कलमातून निष्पक्ष खटल्याचा हक्क येतो, त्यात वकील येतो, आणि वकील म्हणजे नुसता अंगात काळा कोट घातलेला माणूस नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने वेळोवेळी सांगितलं आहे. तरी 'नुकसान काय झालं ते दाखवा' हा प्रश्न इथेही येतोच.

त्या वकिलांना भेटायला मी मुद्दाम गेले. आरोप त्यांच्यावर, तर त्यांना विचारल्याशिवाय मांडायचा नाही, असं मला वाटत होतं. पन्नाशीचे गृहस्थ, दिवाणी कामं जास्त, विधी सेवेच्या पॅनलवर नाव. त्यांनी ना टाळाटाळ केली ना आवाज चढवला. म्हणाले, "मॅडम, साडेअकराला पुकारा झाला. न्यायाधीश म्हणाले, वकीलसाहेब, याला कोणी नाही, तुम्ही उभे राहा. मी उभा राहिलो. नाही म्हटलं असतं तर पुन्हा काम मिळालं नसतं. नक्कल आरोपीकडे होती, ती तुरुंगात राहिली. दोन दिवसांनी चार साक्षीदार आले. ज्याचा कागद वाचला नाही त्याला विचारणार काय? चुकीचं विचारण्यापेक्षा नाही विचारलेलं बरं."

"वेळ का मागितला नाही?"

"तोंडी मागितला. रोजनाम्यात नाही आला."

मी गप्प बसले, कारण मीही एकदा असंच केलं आहे. सनद मिळून दुसरं वर्ष होतं, चोरीचा खटला होता, पुकारा झाला, मी उभी राहिले आणि पंचाच्या साक्षीला 'नो क्रॉस' म्हणून खाली बसले. आरोपीचं नाव मला त्या दिवशीही नीट माहीत नव्हतं. त्याला सहा महिन्यांची शिक्षा झाली. त्या वकिलांना मी हे सांगितलं नाही. त्यांनी मात्र प्रतिज्ञापत्र दिलं, तुरुंगात भेट घेतली नाही आणि नक्कल १४ जूनला मिळाली एवढंच लिहून. त्यांना तेवढंही द्यायची गरज नव्हती.

सुनावणी जानेवारी २०२४ मध्ये दोन दुपार चालली. पहिल्या दहा मिनिटांत अपेक्षित प्रश्न आला. "वकील होते ना?"

"होते, मिलॉर्ड."

"मग?"

मी रोजनाम्याचं पान सांगितलं. दोन्ही न्यायमूर्तींनी ते काढलं. वरिष्ठांनी चष्मा काढून पान जवळ घेतलं आणि काही न बोलता कनिष्ठ न्यायमूर्तींकडे बोटाने ती ओळ दाखवली. असा क्षण वकिलाला फार वेळा मिळत नाही, आणि मिळाला की तोंड बंद ठेवणं सगळ्यात अवघड जातं.

अनोखीलालचा निकाल मी आधारासाठी घेतला होता. खांडव्याचा खटला, वकील नेमला आणि त्याच दिवशी दोषारोप, काही दिवसांत फाशी. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१९ मध्ये ती रद्द करून खटला पुन्हा चालवायला सांगितलं, आणि नियम घालून दिले : जन्मठेप किंवा फाशी होऊ शकते अशा खटल्यात किमान दहा वर्षं वकिली केलेलाच वकील नेमायचा, तयारीला साधारणपणे किमान सात दिवस द्यायचे, अशिलाला भेटू द्यायचं. कनिष्ठ न्यायमूर्तींनी बरोबर नेम धरला. "हे २०१९ चं. तुमचा खटला २०१८ चा. मागे कसं लावायचं?"

त्यावर माझ्याकडे बशीराचा निकाल होता, १९६८ चा. उत्तर प्रदेशातला खुनाचा खटला, फाशी झालेली, वकील नेमला आणि त्याच दिवशी साक्षी सुरू. सर्वोच्च न्यायालयाने तेव्हाच सांगितलं होतं की तयारीला पुरेसा वेळ न देता नेमलेला वकील हा नेमल्यासारखाच नाही. म्हणजे २०१८ मध्ये हा कायदा पन्नास वर्षांचा म्हातारा होता.

सरकारी वकिलांनी मग जे म्हटलं त्याने कोर्टरूम हसली. "आठ वर्षं अकरा महिने याने कोर्टाला ताटकळत ठेवलं, आणि आता म्हणतो घाई झाली!" मला लगेच उत्तर सुचलं नाही. पाणी प्यायले. मग म्हटलं की फरार राहणं हा भारतीय दंड संहितेत वेगळा गुन्हा आहे, कलम १७४अ, आणि खुनाच्या खटल्यात घोषित फरारी ठरलेल्याला त्यात सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. सरकारने ते कलम त्याच्यावर लावलंच नाही. जे कलम लावलं नाही त्याची शिक्षा उलटतपास काढून घेऊन द्यायची का? पळून जाणं म्हणजे गुन्ह्याची कबुली नव्हे, निर्दोष माणूसही भीतीने पळतो, हे मत्रूच्या खटल्यात १९७१ मध्येच सांगून झालं आहे. हे बोलताना आवाज जरा चढला होता, असं ज्युनियरने नंतर सांगितलं.

निकाल सहा आठवड्यांनी आला. शिक्षा रद्द. दोषारोपाच्या पायरीपासून खटला पुन्हा, दहा वर्षं अनुभवाचा वकील, कलम २९९ च्या साक्षीला हरकत घ्यायची मोकळीक. वही आणि पत्नीची साक्ष तिथेच मांडा, म्हणून आमचा ३९१ चा अर्ज निकाली. सहा महिन्यांत संपवा असंही लिहिलं होतं, ते अर्थातच झालं नाही.

तुरुंगात सांगायला गेले. अपील मंजूर झालं म्हटल्यावर तो उठून उभा राहिला, पिशवी आणू का विचारलं. फेरखटला म्हणजे काय हे समजावून सांगितलं, तेव्हा परत खाली बसला. "म्हंजी परत पयल्यापासनं?" सहा वर्षं दोन महिने आत काढलेल्या माणसाला 'होय' म्हणायचं होतं. मी घरून निघताना ठरवलेली वाक्यं एकही वापरली नाहीत. दिल्लीतल्या १९९७ च्या बसस्फोटातल्या महंमद हुसेनची गोष्ट सांगावी असं मनात होतं : फाशी रद्द झाली, २०१२ मध्ये फेरखटल्याचा आदेश झाला, आणि त्या फेरखटल्यात तो सुटला. नाही सांगितली. दुसऱ्याच्या सुटकेने कुणाचं पोट भरत नाही.

जामिनाचं वेगळंच त्रांगडं. सरकारी पक्षाचा एकच मुद्दा, हा पळतो. शेवटी जामीन झाला, दोन जामीनदार, दर सोमवारी पोलीस ठाण्यात हजेरी आणि जिल्हा सोडायचा नाही. फरारी माणसाला जामीन कोण राहणार? पाच आठवडे कोणी मिळेना. मग एक मेहुणा आणि दुसरा, तो मुकादम. मला भरून आलं, तर तो म्हणाला, "आत राहिला तर बाकी कशी फेडणार ओ?" आणि जिल्हा सोडायचा नाही म्हटल्यावर तोडीला जाता येईना. त्या हंगामातही बाई अर्ध्या कोयत्यावरच गेली.

फरारी आरोपींची कामं करणाऱ्यांनी एक बदल लक्षात ठेवावा. १ जुलै २०२४ पासून, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५६ मुळे घोषित फरारी आरोपीविरुद्ध तो नसतानाही पूर्ण खटला चालवून निकाल देता येतो. दोषारोपानंतर नव्वद दिवस थांबायचं, वकील नसेल तर सरकारी खर्चाने द्यायचा. आणि अपील करायचं तर आधी अपील कोर्टापुढे स्वतः हजर व्हायचं. म्हणजे आता आरोपी नसलेल्या खटल्यात सगळी भिस्त त्या नेमलेल्या वकिलावर. तो अशिलाला कधी भेटणारच नाही, कोयता म्हणजे काय ते त्याला सांगायला कोणी नसेल. माझ्या अशिलाला निदान ३१३ चा एक प्रश्न तरी विचारला गेला होता.

फेरखटला माझ्याकडे नाही, तिथल्या पॅनलवर मी नाही. नेमलेल्या वकिलांनी पहिल्याच तारखेला लेखी अर्ज देऊन दहा दिवस मागितले आणि तो अर्ज रोजनाम्यात आला आहे याची खात्री करून घेतली. तपासी अंमलदार, आता निवृत्त, यांचा उलटतपास चौदा पानी झाला. मी वाचला. कुलपाचा पंचनामा चौथ्या पानावर आहे.

बचावाची साक्षीदार म्हणून बायको उभी राहिली त्या दिवशी मी नुसती ऐकायला गेले होते, मागच्या बाकावर. शपथ झाली. वकिलांनी विचारलं, त्या दिवशी तुम्ही कुठे होता? ती म्हणाली, "ह्यांच्या संगं. येका कोयत्यावर." टंकलेखकाचे हात थांबले. न्यायाधीशांनी मान वर केली आणि तिलाच विचारलं, "एका कोयत्यावर म्हणजे?" तिने सांगितलं, मला सांगितलं होतं तसंच, त्यो तोडतो, मी मोळ्या बांदते, उचल कोयत्याला. न्यायाधीशांनी टंकलेखकाकडे वळून सांगितलं, "लिहा. कोयता, कंसात, म्हणजे पती-पत्नीची जोडी."

मग सरकारी वकील उठले. दीड तास विचारत होते. अंतर किती, रात्री झोपलात किती वाजता, नवरा उठून गेला तर कळलं असतं का, मुकादमाचे पैसे अजून द्यायचे आहेत ना, म्हणून तो तुमच्या बाजूने बोलतोय ना. दोन ठिकाणी ती अडखळली, एका ठिकाणी 'ठाव न्हाई' म्हणाली. जबाब वाचून दाखवला, तिने अंगठा दिला आणि बाहेर बाकावर येऊन पदराने तोंड पुसलं.

"लई विचारलं, म्याडम," ती म्हणाली. मग पिशवीतली बाटली काढून पाणी प्यायली आणि पाचची एसटी मिळेल का ते विचारलं. युक्तिवाद अजून बाकी आहेत.